‘कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये’ : दोन शब्दांविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत डिजिटल छायाचित्रणावर आलेला लेख मी आवडीने वाचला. कॅमेरा कोणता घ्यावा, लेन्स कोणती घ्यावी, लग्नसराईत काय भाड्याने मिळते, यावर लेखकाने अर्धे पान खर्च केले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र शेवटच्या परिच्छेदात ‘छायाचित्रे रॉमध्ये काढावीत आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडून घ्यावीत’ असे एक वाक्य जाता जाता येऊन गेले आहे. रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीने, केलेली कच्ची नोंद; सॉफ्टवेअरशिवाय तिचे चित्र होत नाही. हे पत्र त्यातल्या ‘कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये’ या दोन शब्दांपुरते आहे. सासवडला वडिलांच्या वेळेपासून आमचा स्टुडिओ आहे. रोल धुण्याच्या दिवसांत ‘कोणत्याही डेव्हलपरमध्ये धुऊन घ्या’ असे वडिलांना कोणी सुचवले असते, तर त्यांनी त्याला डार्करूमच्या दारातूनच परत पाठवले असते.

रॉ फाइलमध्ये चित्र नसते, असे सांगितले की स्टुडिओत शिकायला येणारी मुले आजही हसतात, कारण कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांनी चित्र पाहिलेले असते. ते चित्र म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या समजुतीने तयार करून त्याच फाइलच्या पोटात ठेवलेले छोटे जेपेग असते; मूळ नोंद निराळीच असते. सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते. कोडॅकमधले ब्राइस बायर यांच्या ज्या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळाले, तीच बहुतेक कॅमेऱ्यांत आजही वापरली जाते आणि तिच्यात निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात २ कोटी ४० लाख बिंदू असले, तरी त्यांतल्या प्रत्येकाला एकाच रंगाचा आकडा ठाऊक असतो आणि उरलेल्या दोन रंगांचे आकडे शेजारच्या बिंदूंवरून ताडावे लागतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर ही ठिपक्यांची रांगोळी आहे: ठिपके कॅमेरा घालतो, रेघा सॉफ्टवेअर ओढते. शिवाय पांढरे कशाला म्हणायचे, सावली किती उजळायची, कोणत्या आकड्याला कोणता लाल समजायचे, कमी उजेडात फोटोवर उमटणारे दाणे किती पुसायचे आणि कडा किती धारदार करायच्या, हे सगळे निर्णय त्या रेघांनंतरच सुरू होतात. १४ बिटच्या नोंदीत एका रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. त्या हजारो पायऱ्यांतून कोणत्या २५६ ठेवायच्या, हे कोणीतरी ठरवतेच. कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर ठरवत नसेल, तर संगणकातले ठरवते.

हे किती दूरवर जाते, ते जेजुरीच्या एका फ्रेमवरून सांगतो. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेवर स्नानाला निघते, तेव्हा जो भंडारा उधळला जातो, त्याचा पिवळा रंग डिजिटल छायाचित्रणाला फार जड जातो. हळद निळा प्रकाश जवळजवळ परतवतच नाही. त्यामुळे भर उन्हातल्या फ्रेमचे चित्र तयार होताना लाल आणि हिरव्याचे आकडे वर टेकतात आणि निळ्याचा आकडा नेहमीच्या एसआरजीबी रंगावकाशाच्या, म्हणजे साध्या पडद्याला दाखवता येणाऱ्या रंगांच्या आवाक्याच्या, तळाखाली जातो. तळाखालचा आकडा कापून शून्य केला की भंडाऱ्याचा ढग हा ढग राहत नाही, पिवळा कार्डपेपर कापून चिकटवल्यासारखा दिसतो. माझ्याकडे हात वर करून भंडारा उधळणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांची फ्रेम आहे. एका सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या मनगटापासून वरचा सगळा भाग एकसंध पिवळा येतो. दुसऱ्यात बोटांच्या फटींतून खाली गळणारी पूड वेगळी दिसते, ढगाच्या घड्या दिसतात आणि मागची दगडी कमानही पुसट ओळखू येते. फाइल एक, संगणक एक, पडदा एक. पहिले सॉफ्टवेअर रंग थेट कापत होते, दुसरे तो आधी मोठ्या रंगावकाशात सांभाळून मग हळूहळू आत आणत होते, एवढाच फरक.

याच फ्रेमने मला आणखी एक धडा दिला. कॅमेऱ्याच्या पाठीवर जो हिस्टोग्राम, म्हणजे अंधारापासून उजेडापर्यंतच्या आकड्यांचा आलेख, दिसतो, तो त्या पोटातल्या जेपेगवरून काढलेला असतो. तिथे लाल रंग भिंतीला टेकलेला पाहून मी कित्येक वर्षे जेजुरीत एक्स्पोजर कमी करत होतो आणि मग फेट्याखालचे चेहरे काळवंडले म्हणून रात्रभर ते उजळत बसत होतो. रॉथेरपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मूळ रॉ आकड्यांचा हिस्टोग्राम पाहायची सोय आहे. तो पाहिल्यावर कळले की सेन्सरवर लाल रंगाला अजून पुष्कळ जागा शिल्लक होती. म्हणजे सॉफ्टवेअरच्या निवडीने माझी फोटो काढायचीच पद्धत बदलली. ‘नंतर उघडून घ्यावीत’ या शब्दांत जे नंतरचे वाटते, ते असे आधीचेही असते.

पैठणीच्या पदरावर हा फरक निराळ्या तऱ्हेने दिसतो. जरीची वीण सेन्सरच्या बिंदूंइतकीच बारीक झाली की ताडलेले रंग चुकतात आणि सोनेरी काठावर हिरवे-जांभळे किडे वळवळल्यासारखे दिसतात. अशा वेळी रेघा ओढण्याची पद्धत कोणती, याला अर्थ येतो. बहुतेक सशुल्क सॉफ्टवेअर ती पद्धत आपल्याला दाखवत नाहीत, बदलूही देत नाहीत. रॉथेरपी आणि डार्कटेबल यांत ती निवडता येते. भरपूर उजेडातल्या जरीसाठी मी रॉथेरपीतली ‘अमेझ’ वापरतो आणि अंधाऱ्या कार्यालयात ६४०० आयएसओवर काढलेल्या दाणेदार फ्रेमला ‘एलएमएमएसई’. फुजीच्या एक्स-ट्रान्स सेन्सरवर ठिपक्यांची मांडणीच वेगळी, ६ बाय ६ ची, असते. त्यामुळे एखादे सॉफ्टवेअर कॅननच्या फाइलवर उत्तम आणि फुजीच्या झाडपाल्यावर गिचमिड करणारे असू शकते. मित्राने सांगितले म्हणून सॉफ्टवेअर घेताना मित्राचा कॅमेरा कोणता, हे निदान विचारावे.

चेहऱ्याचा रंग हा आमच्या धंद्यातला सर्वांत नाजूक विषय. फिल्मच्या काळात कोडॅकचा रोल आणि फुजीचा रोल यांच्यात चेहरे वेगळे येत आणि गिऱ्हाइकालाही ते कळे. आता तो रोल सॉफ्टवेअरमधल्या ‘प्रोफाइल’मध्ये, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणता रंग द्यायचा हे ठरवणाऱ्या तक्त्यात, जाऊन बसला आहे. लाइटरूम हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अ‍ॅडोबी कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये ‘अ‍ॅडोबी कलर’ हे प्रोफाइल आधीच्या ‘अ‍ॅडोबी स्टँडर्ड’च्या जागी आपोआप लागणारे म्हणून आणले, तेव्हा एकाच हंगामातल्या दोन लग्नांचे अल्बम शेजारी ठेवल्यावर रंगातला बदल मला सहज दिसला होता. गव्हाळ आणि सावळे चेहरे एकाच फ्रेममध्ये असतील, तर काही प्रोफाइल सावळ्या चेहऱ्यावर राखाडी झाक आणतात आणि काही दोघांनाही सरसकट तांबूस करून टाकतात. त्यातच लग्नात मुख्य कॅमेरा एका कंपनीचा आणि मदतनिसाचा दुसऱ्या कंपनीचा, हे आमच्याकडे नेहमीचेच. यावर २४ रंगांच्या चौकोनांचे कार्ड त्याच उजेडात धरून एक फ्रेम काढणे आणि त्यावरून दोन्ही कॅमेऱ्यांची प्रोफाइल स्वतः तयार करून घेणे, हा उपाय मी करतो. कार्ड महाग वाटते खरे, पण ते एकदाच घ्यावे लागते. अर्थात आपल्या सॉफ्टवेअरला बाहेरून तयार केलेले प्रोफाइल चालते का, हे कार्ड घेण्याआधी पाहायला हवे.

आता प्रत्यक्ष निवडीविषयी. ज्याने नुकताच कॅमेरा घेतला आहे, त्याने एक रुपयाही खर्च न करता कॅमेऱ्याच्या कंपनीचेच सॉफ्टवेअर आधी वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचे एनएक्स स्टुडिओ ही दोन्ही मोफत आहेत आणि कॅमेऱ्यात निवडलेली रंगशैली ती जशीच्या तशी लावतात, कारण त्या शैलीचे गणित त्याच घरातले असते. त्यांचा वेग बेताचा आहे आणि दुसऱ्या कंपनीची रॉ फाइल त्यांना चालत नाही. पण आपली फाइल मुळात कशी दिसायला हवी, याचे माप मिळवायला त्यांच्याइतके चांगले दुसरे काही नाही. लग्नाच्या तीन-तीन हजार फ्रेम चाळायच्या, निवडायच्या आणि आठवड्यात लॅबला पाठवायच्या, तिथे मात्र मला लाइटरूम क्लासिकला पर्याय सापडलेला नाही आणि मी त्याचे पैसे भरतो. कॅमेरा तारेने संगणकाला जोडून दागिन्यांचे किंवा कपड्यांचे काम करणारे माझे पुण्यातले स्नेही कॅप्चर वनशिवाय दुसऱ्या कशाचे नाव काढत नाहीत. डीएक्सओ फोटोलॅबचे बलस्थान दोन गोष्टींत आहे: कॅमेरा आणि लेन्स यांची जोडी प्रयोगशाळेत मोजून केलेल्या दुरुस्त्या आणि दाणे पुसण्याची डीपप्राइम पद्धत. या पद्धतीचा मी प्रशंसक आहे, परंतु तिला चांगले ग्राफिक कार्ड लागते. माझ्या जुन्या संगणकावर एका फ्रेमला इतका वेळ लागे की खाली जाऊन चहा पिऊन येता येई. सॉफ्टवेअर स्वस्त म्हणून घ्यायचे आणि त्यासाठी संगणक नवा घ्यायचा, असा उलटा हिशेब होऊ शकतो.

डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत आणि ती विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालतात. ‘फुकट आहे, म्हणजे हौशी लोकांसाठी’ हा समज सोडून द्यावा. या क्षेत्राचा बराचसा पाया मुळात अशाच एका माणसाच्या कामावर उभा आहे. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये ‘डीसीरॉ’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि पुढची वीस वर्षे कंपन्या नवीन कॅमेऱ्यांच्या ज्या फाइलींची रचना जाहीर करत नव्हत्या, त्या उलगडून तो वाढवत नेला. २००५ मध्ये निकॉनने डी२एक्स कॅमेऱ्याच्या फाइलीत व्हाइट बॅलन्सची नोंद कूटबद्ध केली, तेव्हा आपल्याच फोटोतला पांढरा रंग कोणता हे जाणण्याचा अधिकार कोणाचा, असा वाद जगभर झाला होता आणि ती नोंदही कॉफिन यांनी उलगडून दाखवली. डार्कटेबलविषयी माझी तक्रार एवढीच की तिथे एकाच कामाला चार वाटा आहेत आणि कोणती वाट जुनी झाली, हे नवख्याला कळत नाही. शिकायला एक पावसाळा द्यावा लागतो. तो देता येत असेल, तर खुशाल द्यावा.

आमच्या धंद्यात पावसाळा म्हणजे रिकामा हातही असतो. चातुर्मासात लग्ने नसतात, तुळशीच्या लग्नापर्यंत स्टुडिओत पासपोर्टचे फोटो आणि बारशी एवढेच काम, पण सॉफ्टवेअरचे भाडे आषाढातही तेवढेच जाते. विकत घेऊन कायम वापरता येणारे लाइटरूम सहाव्या आवृत्तीनंतर बंद झाले आणि २०१७ च्या अखेरीनंतर त्या आवृत्तीत नव्या कॅमेऱ्यांची भर पडली नाही. भाडे थांबवले तर काय होते, हे भाडे सुरू करण्यापूर्वीच विचारावे. लाइटरूम क्लासिकमध्ये भाडे संपल्यावर फोटो पाहता येतात, बाहेरही काढता येतात, मात्र रंग-उजेडाचे काम करण्याचा ‘डेव्हलप’ विभाग बंद होतो. याला अन्याय म्हणावे असे मला वाटत नाही, कारण अट उघड आहे. परंतु गावातल्या अनेक स्टुडिओंनी यावर काढलेला उपाय म्हणजे संगणक जोडून देणाऱ्याकडून ‘क्रॅक’ टाकून घेणे, आणि त्याविषयी मी बोलू शकतो, कारण एके काळी मीही तेच केले आहे. नवा कॅमेरा घेऊन एक लग्न काढले, कार्ड संगणकाला लावले आणि पडद्यावर फोटोंच्या जागी राखाडी चौकोनांच्या रांगा उभ्या राहिल्या. चोरीची प्रत अद्ययावत होत नसल्यामुळे तिला तो कॅमेरा माहीतच नव्हता. अ‍ॅडोबीच्याच मोफत डीएनजी कन्व्हर्टरने सगळ्या फाइली डीएनजी या अ‍ॅडोबीच्या रॉ स्वरूपात करून घेतल्या, तेव्हा त्या उघडल्या आणि वेळ निभावली. त्या हंगामानंतर मी क्रॅक काढून टाकली.

डीएनजीचा उल्लेख आला, म्हणून त्याविषयीही थोडे लिहितो. अ‍ॅडोबीने २००४ मध्ये हे स्वरूप जाहीर केले आणि त्याची रचना सर्वांसाठी खुली ठेवली. पेंटॅक्स आणि लायका यांचे कॅमेरे ते थेट लिहितात, आजचे बरेच मोबाइलही लिहितात. तरीही मी मूळ रॉ फाइली टाकून देऊन फक्त डीएनजी ठेवण्याच्या विरुद्ध आहे, कारण मघाशी म्हटलेले कॅनन आणि निकॉन यांचे सॉफ्टवेअर डीएनजी उघडत नाही आणि एकदा मूळ फाइल गेली की तो दरवाजा कायमचा बंद होतो. दुसरी अडचण रोजच्या कामातली आहे. डीएनजीमध्ये केलेल्या बदलांची नोंद फाइलच्या आत लिहिली गेली की फाइल बदलते आणि २५-३० एमबीची ती अख्खी फाइल पुन्हा बॅकअपला जाते. शेजारी वेगळी छोटी नोंदफाइल असेल, तर काही केबींत काम भागते.

नोंदी कुठे राहतात, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो मला एका आजींनी शिकवला. २०११ नंतरची काही वर्षे मी एका लहान कंपनीचे सॉफ्टवेअर वापरत होतो. नाव सांगत नाही. कंपनी राहिलेली नाही आणि गेलेल्याविषयी वाईट बोलू नये. काम सुरेख होते. केलेले सगळे संस्कार ते स्वतःच्या एका मोठ्या फाइलीत ठेवत असे, आणि ती फाइल फक्त त्यालाच वाचता येत असे. पुढे नव्या संगणकावर ते चढेना, कारण परवाना तपासणारे पलीकडचे यंत्रच बंद झाले होते. २०२२ मध्ये एका कुटुंबातून माणूस आला. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या लग्नात काढलेला आजींचा फोटो मोठा करून हवा होता, आजी चार दिवसांपूर्वी गेल्या होत्या. रॉ फाइल माझ्याकडे व्यवस्थित होती, दोन डिस्कांवर होती. ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, आठवेल तसे पुन्हा काम केले आणि १६ बाय २० ची प्रिंट दिली. त्यांच्या भिंतीवर लग्नाच्या वेळची ८ बाय १२ ची प्रिंट आधीपासून होती. दोन्ही शेजारी टांगल्यावर नातीने फोन करून विचारले, की नव्या फोटोतली आजी वेगळी का दिसते? जुन्या प्रिंटमध्ये गालावरच्या सुरकुत्यांना जी ऊब होती, खिडकीच्या बाजूला कानामागे सोडलेला जो अंधार होता, तो मला पुन्हा नेमका साधला नव्हता. शेवटी मी ती जुनी प्रिंट मागून आणली, शेजारी ठेवून तीन संध्याकाळी काम केले आणि नवी प्रिंट बदलून दिली. तरीही ती तंतोतंत झाली, असे मी म्हणणार नाही.

सॉफ्टवेअर बंद पडणे हे काही माझ्या एकट्याच्या नशिबी आलेले नाही. डेन्मार्कच्या पिक्समँटेकचे रॉशूटर २००६ मध्ये अ‍ॅडोबीने विकत घेतले आणि ते थांबले. अ‍ॅपलने २००५ मध्ये गाजावाजाने आणलेले अ‍ॅपर्चर २०१४ मध्ये थांबवत असल्याचे जाहीर केले आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनावर ते चालेनासे झाले. मोठ्या कंपनीचे म्हणून ते टिकेलच, असे धरून चालता येत नाही. म्हणून नोंदी कशा साठतात ते मी आता आधी पाहतो. लाइटरूम त्या कॅटलॉग नावाच्या स्वतःच्या एका फाइलीत ठेवते, पण सेटिंग्जमध्ये एक खूण केली की त्याच नोंदी प्रत्येक फोटोच्या शेजारी एक्सएमपी फाइलीतही लिहिते. ती खूण मूळची नसते, आपण करावी लागते. डार्कटेबल एक्सएमपी आपणहून लिहिते, रॉथेरपी पीपी३ नावाची साधी मजकुराची फाइल लिहिते आणि फोटोलॅब डीओपी फाइल. कॅननच्या सॉफ्टवेअरची नोंद रॉ फाइलच्या आतच जाते. एकाची नोंद दुसऱ्याला पूर्णपणे समजते, असा याचा अर्थ मुळीच नाही. तारांकने, शीर्षके, कातरण्याच्या खुणा थोड्याफार जातात. रंगाचे काम जात नाही, कारण ते त्या त्या सॉफ्टवेअरच्या गणितावर बेतलेले असते. तेव्हा मनासारखे झालेले प्रत्येक निवडक चित्र १६ बिटच्या टिफमध्येही, म्हणजे कशातही उघडणाऱ्या तयार चित्राच्या फाइलीत, काढून ठेवणे हाच खात्रीचा मार्ग उरतो. जागा भरपूर जाते. आजींच्या फोटोची टिफ असती, तर माझ्या तीन संध्याकाळी वाचल्या असत्या.

सॉफ्टवेअर चालू असूनही गणित बदलते, हीदेखील लक्षात घेण्याजोगी बाब आहे. लाइटरूममध्ये २००३, २०१० आणि २०१२ अशा वर्षांच्या नावांनी ओळखली जाणारी प्रक्रियेची जुनी रूपे अजून जिवंत ठेवली आहेत, जेणेकरून जुना फोटो उघडल्यावर तो आपोआप नवा दिसू नये. डार्कटेबलही जुन्या फोटोंसाठी बाद झालेली साधने आत जपून ठेवते. जाहिरातीत या गोष्टीला कोणी ओळभरही जागा देत नाही, पण मी कोणत्याही नव्या सॉफ्टवेअरबद्दल पहिल्यांदा हेच विचारतो.

पारख कशी करावी, याविषयी थोडे सांगून संपवतो. बहुतेक सशुल्क सॉफ्टवेअर काही दिवस मोफत वापरून पाहता येतात. त्या दिवसांत कंपनीने दिलेले डोंगर आणि सूर्यास्त उघडून पाहू नयेत; स्वतःच्या सर्वांत त्रासदायक पाच-सहा फ्रेम घ्याव्यात. माझ्या संचात भंडाऱ्याची फ्रेम आहे, नऊवारीतल्या जरीची आहे, जांभळ्या एलईडीखाली उभ्या असलेल्या नवरदेवाची आहे, दिवेघाटात दुपारच्या उन्हात पांढरे सदरे घालून चढणाऱ्या वारकऱ्यांची आहे आणि एका काळ्या पाषाणातल्या वीरगळाची आहे, ज्याच्यावरचे कोरीवकाम सावलीत जवळजवळ दिसत नाही. फाइल उघडताच जसे दिसते, त्यावरून निकाल देऊ नये, कारण तो केवळ त्या कंपनीचा प्रारंभीचा अंदाज असतो. प्रत्येक फ्रेमला वीस मिनिटे द्यावीत आणि मग पाहावे. शेवटी आमचे काम १२ बाय ३६ च्या अल्बममध्ये जाते, म्हणून मी प्रत्येक सॉफ्टवेअरची एकेक प्रिंट नेहमीच्या लॅबमधून काढून आणतो आणि पाठीमागे कशाची कोणती ते लिहून, उलटसुलट करून, सकाळी दारातल्या उजेडात पत्नीसमोर ठेवतो. ती छायाचित्रकार नाही. तिने दोनदा रॉथेरपीची प्रिंट उचलली आहे आणि एकदा कॅमेऱ्यातलेच जेपेग, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

जेपेगचा विषय निघाला म्हणून आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. आपल्या वर्धापनदिनाच्या छायाचित्र स्पर्धेच्या नियमांत ‘छायाचित्रावर कोणत्याही सॉफ्टवेअरचा वापर केलेला नसावा’ अशी अट आहे. वर लिहिलेले मान्य असेल, तर या अटीत बसणारे एकही डिजिटल छायाचित्र अस्तित्वात नाही, हेही मान्य करावे लागेल. जेपेग पाठवणाऱ्याचे काम कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरने केलेले असते आणि रॉ काढणाऱ्याचे घरातल्या. फोटोत नसलेला पक्षी आणून बसवू नये, असलेली विजेची तार पुसू नये, एवढाच आपला हेतू असणार आणि तो रास्त आहे. मग अट तशीच स्पष्ट शब्दांत लिहावी, निवड झालेल्या स्पर्धकाकडून मूळ रॉ फाइल पडताळणीसाठी मागवावी आणि ती फाइल परीक्षकांनी कशात उघडून पाहिली, तेही निकालासोबत छापावे. गेल्या वर्षी माझी भंडाऱ्याची फ्रेम ‘रंग अतिरंजित’ या शेऱ्यासह परत आली होती. परीक्षकांना हवी असल्यास तिची रॉ फाइल मी पेनड्राइव्हवर घेऊन आपल्या पुण्याच्या कचेरीत येण्यास तयार आहे.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक स्टुडिओचालक, सासवड